रेल्वेचा फोटो काढताय? आधी पायाखालची जमीन कुणाची आहे, ते बघा

जुलै लागला की इन्स्टाग्रामवर एक फ्रेम हमखास दिसायला लागते. पुढे हिरवंगार भातशेत, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर आणि मधून वळण घेत जाणारी कोकण रेल्वे. खाली हार्ट इमोजींचा पाऊस आणि एकच प्रश्न, ‘भावा, लोकेशन?’

लोकेशन मिळतं. पुढच्या रविवारी तिथे पाच बाइक येतात, त्याच्या पुढच्या रविवारी पंचवीस. फ्रेममध्ये जे भातशेत इतकं सुंदर दिसतं, ते कुणाचं तरी असतं आणि लावणी होऊन आठवडाही झालेला नसतो, हे त्या पंचवीस जणांपैकी किती जणांच्या डोक्यात येतं?

आपल्याकडे रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत प्रचंड वाढली. पूर्वी हा थोड्या वेड्या लोकांचा छंद होता. इंजिनांचे नंबर वहीत लिहिणारे, कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं इंजिन लागतं ते पाठ असणारे. आता हातात मोबाईल असलेला प्रत्येक जण हे करू शकतो. छान आहे. फक्त त्या जुन्या वेड्यांना माहीत असलेली एक गोष्ट मधल्या मधे हरवली. आपण उभे कुठे आहोत, यावर फोटो काढायचा आपला हक्क ठरतो.

रेल्वे सरकारी आहे, म्हणजे आपलीच ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. रेल्वे सरकारी आहे म्हणून रूळ म्हणजे सार्वजनिक रस्ता होत नाही.

रेल्वे कायदा 1989 मधलं कलम 147 याबद्दल स्पष्ट आहे. कायदेशीर अधिकाराशिवाय रेल्वेच्या कुठल्याही भागात शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कलमाचा दुसरा अर्धा भाग कमी लोकांना माहीत असतो. तुम्ही रीतसर आत आलात, पण तिथे गैरवापर केलात किंवा ‘बाहेर जा’ म्हटल्यावर गेला नाहीत, तरी हेच कलम लागतं. म्हणजे खिशात तिकीट आहे म्हणून प्लॅटफॉर्मच्या टोकाचा उतार उतरून रुळात जाता येत नाही.

आणि रेल्वेचा भाग म्हणजे फक्त दोन रूळ नव्हेत. बाजूची खडी, भराव, यार्ड, शेड, पूल, बोगद्याचं तोंड हे सगळं त्यात आलं. ‘मी रुळावर नव्हतो, बाजूला उभा होतो’ हा बचाव त्यामुळे फारसा टिकत नाही.

रीलसाठी रुळावर नाणं, दगड किंवा फोन ठेवणाऱ्यांचं प्रकरण तर अजून गंभीर आहे. जाणूनबुजून प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम 153 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मग स्टेशनवर फोटो काढायचेच नाहीत का?

काढायचे की. प्रवासाचं तिकीट किंवा प्लॅटफॉर्म तिकीट असेल आणि तुम्ही हौस म्हणून मोबाईलवर किंवा छोट्या कॅमेऱ्यावर स्वतःसाठी फोटो काढत असाल, तर एरवी कुणी अडवत नाही. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, हे मात्र लक्षात ठेवा. आवडती गाडी तीन तास लेट असेल तर दुसरं काढा.

ट्रायपॉड, लाइट, माइक, कपडे बदलणारी मॉडेल असा लवाजमा आला की गोष्ट बदलते. चित्रपट, मालिका, जाहिरात अशा व्यावसायिक शूटिंगसाठी संबंधित विभागीय रेल्वेची आधी परवानगी घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. प्री-वेडिंग शूट करणारे यातून सूट आहे असं समजतात. तशी सूट नाही.

काही ठिकाणी कॅमेरा खाली ठेवायचा असतो. पुणे–लोणावळा लोकलने जाताना खडकी, देहूरोड असा लष्करी आस्थापनांचा पट्टा लागतो. ‘फोटो काढण्यास मनाई’ अशी पाटी दिसली की तिथे ‘मी तर इंजिनाचाच फोटो काढत होतो’ हे सांगून उपयोग नाही. इंजिनाच्या मागे काय आलं, हे बघणारा ठरवतो.

स्टेशनवर कुणी हटकलं तर? आधी समोरचा कोण आहे ते ओळखा. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. ते केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाखाली येतं आणि रेल्वेच्या मालमत्तेचं, प्रवाशांचं रक्षण करतं. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, ते राज्य सरकारचे. दोघांनाही विचारपूस करायचा अधिकार आहे. तिकीट दाखवा, काय काढलं ते दाखवा, थांबा म्हटलं तर थांबा. ‘कुठल्या कलमाखाली?’ असं व्हिडिओ सुरू ठेवून विचारणं व्ह्यूजसाठी ठीक असेल, पण त्याने पुढच्या हौशी माणसाची वाट बंद होते.

दूधसागरला काय झालं होतं?

जुलै 2023 मधल्या एका रविवारी गोव्यात शेकडो ट्रेकर दूधसागर धबधब्याकडे निघाले आणि अडवले गेले. रुळांवरून चालल्याबद्दल काहींना आरपीएफने कान धरून उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. दक्षिण पश्चिम रेल्वेने तेव्हा आवाहन केलं होतं की धबधबा गाडीच्या डब्यात बसूनच बघा.

उठाबशांची शिक्षा योग्य होती का, यावर वाद घालता येईल. मला ती पटली नाही, तशी शिक्षा कुठल्याही कलमात लिहिलेली नाही. पण त्या गर्दीत मूळ मुद्दा वाहून गेला. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट आहे, चढ 37 ला 1. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे बोगदे. गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नाही अशी कितीतरी ठिकाणं. पावसात आवाज धबधब्याचा येतो, गाडीचा येत नाही. त्यातच हा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो, म्हणजे रेल्वेच्या हद्दीबाहेर पाय ठेवला की वनखात्याचे नियम सुरू होतात.

रुळाच्या ‘थोडं बाजूला’ म्हणजे किती?

इथे थोडं गणित करू. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1,676 मिलिमीटर. त्यावर धावणारा एलएचबी डबा सुमारे 3,240 मिलिमीटर रुंद. म्हणजे डबा दोन्ही बाजूंना रुळाच्या बाहेर जवळजवळ पाऊण मीटर येतो. पायरी, उघडं दार, दारातून लोंबकळणारा माणूस हे वेगळंच. रुळापासून दोन फुटांवर उभं राहून ‘मी रुळावर नाही’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात गाडीच्या मार्गात उभा असतो.

जून 2024 मध्ये मेक्सिकोत नेमकं हेच घडलं. कॅनडातून आलेलं ‘एम्प्रेस’ हे जुनं वाफेचं इंजिन बघायला इदाल्गो राज्यात गर्दी जमली होती. एक तरुणी सेल्फीसाठी रुळाजवळ गुडघ्यावर बसली. ती रुळावर नव्हती. इंजिनाचा बाहेर आलेला भाग तिच्या डोक्याला लागला आणि ती जागीच गेली. तो व्हिडिओ शोधून बघू नका, एवढंच सांगेन.

दुसरी गोष्ट डोक्यावरच्या तारेची. तिच्यात 25,000 व्होल्टचा दाब असतो. या तारेला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारून येते. म्हणून तिच्या दोन मीटरच्या आत रेल्वेचे स्वतःचे कर्मचारीसुद्धा वीज बंद केल्याशिवाय काम करत नाहीत. उभ्या मालगाडीच्या टपावर चढून सेल्फी काढणारी मुलं दरवर्षी यातच भाजतात. पुलावरून खाली सोडलेली सेल्फी स्टिक हाही तोच प्रकार.

आणि फ्लॅश. रात्री समोरून येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारू नका. लोको पायलट अंधारात सिग्नल शोधत असतो, त्याच्या डोळ्यांपुढे काही क्षण काजवे चमकतात. त्याला रुळाजवळ माणूस दिसला तर तो हॉर्न देतो, वेळ पडली तर ब्रेक लावतो. वेगातली गाडी थांबायला अनेकदा किलोमीटरभर लागतो, म्हणजे तो ब्रेक तुम्हाला वाचवेलच असं नाही. पण तुम्हाला काही झालं, तर ते चित्र त्या माणसाच्या डोक्यात आयुष्यभर राहतं.

कुंपणापलीकडचं शेत

आता ज्याबद्दल आपण जवळजवळ कधीच बोलत नाही, तिकडे येऊ.

रेल्वेच्या हद्दीबाहेर जाऊन फोटो काढला की आपण सुटलो, असं वाटतं. पण रेल्वेची हद्द संपते तिथे बहुतेक वेळा कुणाचा तरी सातबारा सुरू होतो. कोकणात तर हे फारच खरं आहे. तिथे मोकळं माळरान वाटणाऱ्या कातळालाही मालक असतो, बऱ्याचदा एक नाही तर चुलत-मालत धरून पंधरा.

भाताच्या खाचरात पाऊल पडल्याने काय होतं? दोन-चार रोपं मोडतात, एवढंच आपल्याला दिसतं. खरं नुकसान बांधाचं असतं. खाचरात पाणी ठरावीक उंचीवर धरून ठेवायचं असतं, त्यासाठी दरवर्षी ओल्या चिखलाने बांध लिंपतात. तो आठ-दहा दिवस मऊ असतो. त्यावरून बूट घातलेली चार माणसं गेली की कड खचते, पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि सोबत टाकलेलं खतही जातं. संध्याकाळी शेतकऱ्याला वरचं खाचर कोरडं दिसतं. कुणी केलं हे त्याला कळतही नाही. तोपर्यंत आपली रील दहा हजारांवर गेलेली असते.

आंब्याच्या बागांचं वेगळं. मार्च ते मे या काळात बागेत अनोळखी माणूस दिसला की राखणदार धावत येतो. तो उद्धट नसतो, आंब्याची चोरी ही त्याच्यासाठी रोजची भीती असते. तुमच्या पाठीवरच्या बॅगेत कॅमेरा आहे की हापूस, हे त्याला लांबून कसं कळणार?

हे मी साळसूदपणे लिहितेय, पण मीही यातून गेलेय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना घाटाच्या पायथ्याशी एका शेतात आम्ही तिघी चिऱ्याच्या गडग्यावरून उडी मारून शिरलो. गाडी अजून यायची होती. मागून एक आजी आल्या. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बायांनो, दारातून आला असतात तर पाणी तरी दिलं असतं.” गडग्याचे वरचे दोन दगड आमच्या उडीने खाली पडले होते, ते त्यांनी वाकून परत लावले. गाडी आली, गेली. फोटो कुणीच काढला नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये फौजदारी अतिक्रमण येतं. तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नुसतं चुकून शेतात पाऊल पडलं की गुन्हा झाला, असं नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. परवानगीने आत येऊन त्याच हेतूने तिथेच ठाण मांडून बसणं हेही त्यात येतं. घरात किंवा राहत्या जागेत शिरलात तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. याशिवाय मालक नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करू शकतो. प्रत्यक्षात कोर्टापर्यंत कुणी जात नाही. शेतकरी सरळ काटेरी तार लावतो आणि ती जागा सगळ्यांसाठी संपते.

विचारणं इतकं अवघड नाही. बहुतेक शेतात कुणी ना कुणी असतंच. “काका, त्या पुलावरून गाडी जाते तिचा फोटो काढायचा होता. तुमच्या बांधावर दहा मिनिटं उभं राहू का?” एवढं पुरतं. नुसतं विचारलं म्हणून चहा मिळाल्याचे अनुभव या छंदातल्या प्रत्येकाकडे आहेत. आणि कधी नाही म्हणाले, तर कारण विचारत बसू नका. गाडी परत येणार आहे.

कवाड जसं होतं तसंच ठेवून निघा. उघडं राहिलं तर गुरं पिकात शिरतात. फ्रेममध्ये येणारी फांदी तोडू नका. पाणंद रस्त्यावर बाइक आडवी लावू नका, मागून ट्रॅक्टर येतो तेव्हा मालक शोधत फिरावं लागतं. आणि फोटो छान आला तर तो त्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. स्वतःचं शेत असं दिसतं, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलंच नसतं.

काही रूळसुद्धा खासगी असतात

औष्णिक वीज केंद्रं, सिमेंट कारखाने, बंदरं यांच्यात मालगाड्या नेणारे फाटे असतात, त्यांना साइडिंग म्हणतात. चंद्रपूरच्या पट्ट्यात असे बरेच दिसतील. यातले अनेक रूळ त्या त्या कंपनीच्या मालकीचे असतात आणि तिथे रेल्वेने ‘हो’ म्हटलं तरी कंपनीची परवानगी लागते.

जाता जाता, विदर्भातली शकुंतला रेल्वे आठवते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज लाइन. गाडी भारतीय रेल्वे चालवायची, पण रूळ स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं ब्रिटिश काळातल्या एका खासगी कंपनीच्या नावावर होते.

अमेरिकेत मात्र हा अपवाद नाही, नियम आहे. युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ या खासगी कंपन्या आहेत आणि त्यांची मालगाडी धावते ती जमीनही त्यांचीच. तिथे राहणारी आपली मंडळी गावाकडच्या सवयीने रुळातून शॉर्टकट मारायला जातात, तेव्हा ते सरळ खासगी मालमत्तेत शिरणं ठरतं. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पुलावरून फोटो काढायला मात्र तिथे कुणाची हरकत नसते. इलिनॉयमधल्या रोशेल गावात याच दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात. तिथे गावानेच रेल्वे बघणाऱ्यांसाठी बाग करून सावलीचा कट्टा बांधून दिलाय. लोक डबे घेऊन येतात, दिवसभर गाड्या बघतात.

गर्दीने घोळ घातल्याची उदाहरणं शिस्तीच्या देशांतही आहेत. ब्रिटनचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन दुरुस्त होऊन 25 फेब्रुवारी 2016 ला लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा फोटो काढणारे रुळात उतरल्यामुळे त्याला वाटेत थांबावं लागलं आणि मागच्या गाड्या रखडल्या. जपानमध्ये रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांना ‘तोरितेत्सु’ म्हणतात. फेब्रुवारी 2010 मध्ये ओसाकाजवळ त्यांच्यातले काही रुळांत शिरले आणि वाहतूक थांबली. तेव्हापासून जपानी बातम्यांत हा शब्द बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच येतो. कितीतरी साधी, नियम पाळणारी माणसं त्यात विनाकारण भरडली जातात.

गाडीच्या खिडकीत माणूसही असतो

रेल्वेचा फोटो म्हटलं की डबा, इंजिन, पूल असं आपण धरतो. पण खिडकीत डोकं टेकवून झोपलेल्या बाईने तुम्हाला फोटोची परवानगी दिलेली नसते. प्लॅटफॉर्मवर झोपलेला म्हातारा, फाटकाचा गेटमन, पाठीवर सामान घेतलेला हमाल यांच्याही चेहऱ्यांना हेच लागू आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. गर्दीच्या दृश्यात चेहरे येणं वेगळं आणि एका चेहऱ्यावर झूम करून त्यावर विनोदी गाणं लावणं वेगळं. महिलांच्या डब्यावर कॅमेरा रोखून उभं राहण्याबद्दल तर वेगळं काही लिहायची गरज पडू नये.

रेल्वे कॉलनीही अशीच. जुन्या दगडी क्वार्टर्स फोटोत भारी दिसतात, पण आत कुटुंबं राहतात आणि बाहेर दोरीवर त्यांचे कपडे वाळत असतात.

लोकेशन टाकायचं की नाही?

यावर छंदातल्या लोकांमध्येच दोन मतं आहेत. काहींना लोकेशन लपवणं म्हणजे शिष्टपणा वाटतो. माझं मत असं, की जागा सार्वजनिक असेल तर जरूर टाका. शेतातली असेल तर स्टेशनचं नाव पुरे, पिन टाकू नका. तुम्ही काकांना विचारून उभे राहिलात, तुमचे दहा हजार फॉलोअर्स विचारतीलच असं नाही. ड्रोनचंही तसंच. रेल्वे हद्दीवर उडवायचा तर रेल्वेची परवानगी, शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार त्या भागाचा झोन तपासणं. खाली कुणाचं अंगण आहे, हे त्या झोनच्या नकाशात दिसत नाही.

कुणाच्याही शेतात न शिरता बघण्यासारखं बरंच काही आहे. भोर घाट चढण्याआधी गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, ते कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून आरामात बघता येतं, हातात वडापाव असला तरी. थळ घाटासाठी हेच कसाऱ्याला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची 1888 ची इमारत समोरच्या फुटपाथवरून पूर्ण फ्रेममध्ये येते. कोकणात रस्ता आणि रेल्वे एकमेकांना ओलांडतात अशा पुलांवर कठड्याच्या आत, गाड्यांना अडथळा न होता उभं राहायला जागा मिळते. पावसात जा, लेन्स पुसायला कोरडा रुमाल न्या आणि गाडीची वेळ आदल्या रात्री तपासा, कारण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं.